सतरा नंबरचा चिमटा

१

दर रविवारी सकाळी साडेसातला साजियाची ओम्नी भिगवण रस्त्याला लागायची. मागच्या सीटा काढून टाकलेल्या. त्या जागी गोधडीवर पिवळं विमान, पंख वेगळे आणि धड वेगळं, शेजारी इंधनाचा कॅन, अवजारांची पेटी आणि हातभर लांबीची प्लायवूडची फळी. पुढच्या सीटवर अब्बा, मांडीवर ट्रान्समीटर. त्याला कुणी रिमोट म्हटलं की अब्बांचं टाळकं सरकायचं. "रिमोट टीव्हीला असतो," ते म्हणायचे, "ह्यो ट्रान्समीटर हाय."

बारामतीत शिकाऊ वैमानिकांची खरी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, तिथं आपलं लाकडी पाखरू सोडणं बरं नव्हे, म्हणून अब्बा पहिल्यापासून डाळजला जात आले. उन्हाळा लागला की तिथं उजनीचं पाणी मागं सरकतं आणि वाळलेल्या गाळाचं सपाट मैदान उघडं पडतं. मैदानाला लागून गोकुळचं शेत. गोकुळ अर्धा वेळ दोडकी-कारली करायचा, अर्धा वेळ पक्षी बघायला आलेल्या पुणेकरांच्या गळ्यात दुर्बीण अडकवून त्यांना फिरवायचा आणि उरलेला अर्धा वेळ विमानं उडवायचा. एका माणसाकडं तीन अर्धे कुठून आले, असं त्याची बायको येईल-जाईल त्याला विचारायची.

फळीचं काय, ते आधी सांगायला हवं. जुन्या सेटांचं असं असतं, की सेटमध्ये नखाएवढा एक क्रिस्टल खोचायचा आणि त्याच्या जोडीचा दुसरा विमानात. क्रिस्टलवर नंबर असतो, तोच त्या दिवशी तुमचा नंबर. एकाच नंबरवर दोघांनी बटण दाबलं, की हवेतलं विमान कुणाचंच ऐकत नाही आणि सरळ जमिनीत घुसतं. म्हणून ही फळी. फळीवर आडवी तार, तारेला नंबर लिहिलेले कपड्यांचे लाकडी चिमटे. आपल्या नंबरचा चिमटा काढून खिशाला लावायचा, मगच बटण दाबायचं. चिमटा तारेवर नसला, म्हणजे हवा दुसऱ्याची. तो उतरेपर्यंत आपण गप बसायचं. एके काळी या मैदानात आठ-दहा जण जमायचे आणि चिमट्यावरून हमरीतुमरी व्हायची. आता गोकुळसकट सगळ्यांकडं नवे सेट आले, ते आपली वाट आपण शोधतात. फळीची गरज उरली ती फक्त अब्बांना, म्हणजे एकट्यालाच, म्हणजे कुणालाच नाही. तरी अब्बा दर रविवारी ती फळी गोकुळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दाराला टांगायचे. तारेवर तीन चिमटे होते, कारण अब्बांकडं क्रिस्टलच्या तीनच जोड्या उरल्या होत्या. सतरा, बत्तीस आणि पंचेचाळीस.

अब्बांचे हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं ज्या हातांनी रेडिओ-टीव्हीच्या केसाएवढ्या तारा डाखल्या, त्या हातांना आता सदऱ्याचं बटण सापडत नव्हतं. दुकान साजिया चालवत होती. विमानही तीच उडवायची, अब्बा मागं उभे राहून सूचना द्यायचे आणि ती चुकली की शिव्या द्यायचे. पण यंदा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "एकदा," ते म्हणाले होते, "चढवायचं, फिरवायचं, उतरवायचं, सगळं माज्या हातानं. डॉक्टर म्हणतो पुढच्या उन्हाळ्यात हात काय ऐकणार न्हाय. मग एकदा तरी होऊ दे." सकाळची गोळी घेतली की तासभर थरथर जरा दबायची. त्या तासात हे जमवायचं होतं. दुसरं विमान बांधणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, त्यामुळे जे काही व्हायचं ते या पिवळ्या विमानावरच.

मार्चातल्या दुसऱ्या रविवारी साजियानं फळी टांगली, पंख जोडले, टाकी भरली आणि चिमटा काढायला फळीकडं गेली. तारेवर दोनच चिमटे होते. सतरा नव्हता, आणि विमानात सतराचाच क्रिस्टल होता.

२

पडला असेल कुठंतरी. तिनं ओम्नीत बघितलं, गोधडी झटकली, वाट धुंडाळली. फळी टांगताना तीन होते की दोन, हे आठवायला गेलं तर आठवेना. रोजच्या गोष्टी कोण मोजतं?

"सतरावर कोण हाय?" लांबून अब्बांनी विचारलं.

"कोण न्हाय. चिमटा पडलाय."

"पडला का घेतला?"

"घेणार कोण अब्बा? हितं तुमी, मी आन् गोकुळभाऊ."

गोकुळ आपलं विमान घेऊन बसला होता. त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले.

साजियाची चिडचिड झाली होती, गोळीचा तास चालू झाला होता, आणि या सगळ्या घाईत तिनं एक चूक केली. आधी ट्रान्समीटर लावायचा आणि मग विमान, हा धडा अब्बांनी तिला नऊ वर्षांची असताना शिकवला होता. तिनं चिमट्याच्या नादात विमानाचंच बटण आधी लावलं. ट्रान्समीटर अजून अब्बांच्या मांडीवर, बंद.

विमानाच्या शेपटीचा उभा पंख उजवीकडं वळला.

एवढ्यानं तिला काही वाटलं नसतं. ट्रान्समीटर बंद असला की विमान हवेतली कसलीही खरखर पकडतं आणि पंख फडफडायला लागतात, हे तिला माहीत होतं. पण ही फडफड नव्हती. पंख उजवीकडं पूर्ण वळला, क्षणभर थांबला, मधे आला. मग डावीकडं पूर्ण वळला आणि मधे आला. मग आडवा पंख वर, मग खाली. सगळं सावकाश. शेवटी इंजिनाच्या झडपेचा छोटासा दांडा पुढं सरकला आणि मागं आला. सगळं बरोबर आहे ना, हे उड्डाणाआधी माणूस तपासून बघतो, अगदी तसं.

साजियानं विमान बंद केलं. तिच्या बोटांना घाम फुटला होता, आणि त्या घामाचा तिला रागच आला.

अब्बांनी सगळं बघितलं होतं. ते खुर्चीवरून उठले, पाण्याच्या दिशेनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले. पाण्यात उथळ जागी फ्लेमिंगो उभे होते, शेकड्यांनी. माणूस कुठं नव्हता.

"घरी चल," ते म्हणाले. "चिमटा त्याच्याकडं हाय, हवा त्याची."

"कुणाची?"

"ते मला काय म्हाईत. नियम नियम असतो."

३

आठवडाभर साजियानं दुकानात डोकं चालवलं, आणि डोकं तिचं चांगलं चालायचं. उसावर फवारणी करणारे ड्रोन आलेत, त्याचं असेल. कुणीतरी भंगारातून जुना सेट आणला असेल आणि पोरंबाळं खेळत असतील. भिगवणला कुणाचा टीव्हीचा बूस्टर बिघडला असेल. यातलं काहीही असलं तरी उपाय एकच होता, नंबर बदलायचा. शटर अर्धं ओढून तिनं ट्रान्समीटरच्या मागची छोटी खिडकी उघडली, सतराचा क्रिस्टल चिमटीत धरून काढला आणि बत्तीसचा खोचला. विमानाच्या पोटातला डबा उघडून तिथंही बत्तीसचा बसवला. दोन मिनिटांचं काम. दुकानात सगळं सुरळीत चाललं. सतरावरचं जे काय असेल ते आता सतरावर खुशाल बोंबलत बसू दे, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिला बरं वाटलं.

रविवारी निघताना तिनं तारेवरचे चिमटे मोजले. बत्तीस, पंचेचाळीस. फळी मागं न ठेवता अब्बांच्या पायाशी ठेवली. डाळजला पोचल्यावर ती दाराला टांगली, इंधनाचा कॅन आणायला वीस पावलं गेली आणि परत आली.

तारेवर एकटा पंचेचाळीस.

या वेळी ती सरळ गोकुळकडं गेली. "गोकुळभाऊ, गंमत बास झाली. काढा चिमटा."

"आईच्यान साजियाताई, मी हितनं उठलो न्हाय. माज्या हातात बघा, स्क्रू हाय."

"मग मोटारीच्या खोलीत कोण हाय?"

"कुलूप हाय की! किल्ली घरी." गोकुळनं खिसे उलटे करून दाखवले. मग आवाज खाली आणला. "मला येक सांगायचंच हुतं. तितं बघा." त्यानं पाण्याकडं बोट केलं. "ती पाखरं कशी बसलीत ती बघा."

तिनं बघितलं. फ्लेमिंगो दाटीवाटीनं उभे होते, माना पाण्यात घालून चरत होते. पण काठापासून थोडं आत एक जागा मोकळी होती. साधारण एका खोलीएवढी, गोल. तिच्या कडेनं पक्षी खेटून उभे, आत एकही नाही.

"पंधरा दिवस झालं," गोकुळ म्हणाला. "तितं पाखरू उतरत न्हाय. पुण्याच्या पावण्यांनी विचारलं, मी म्हणलं खड्डा असंल. खड्डा न्हाय ताई. माज्या बापाचं तितं वावर हुतं, मला सगळी जमीन म्हाईत हाय."

साजिया विमानाकडं परत आली. अब्बा बसल्या जागी तिच्याकडं बघत होते. तिनं त्यांच्या मांडीवरचा ट्रान्समीटर घेतला, मागची खिडकी उघडली आणि बत्तीसचा क्रिस्टल बाहेर काढून मुठीत धरला. आता हा सेट मुका होता, कुठल्याच नंबरवर नव्हता. मग तिनं विमानाचं बटण लावलं.

उजवीकडं. मधे. डावीकडं. मधे. वर. खाली.

एवढ्यावर ती थांबली असती तर निराळी गोष्ट होती. पण साजिया हट्टी, बापासारखी. तिनं विमानाच्या पोटातला डबा उघडला आणि तिथला क्रिस्टलही उपटला. कान नसलेला माणूस जसा हाक ऐकू शकत नाही, तसं ते विमान आता काहीही ऐकू शकत नव्हतं. हे तिनं हजार वेळा बघितलं होतं, लोकांना समजावून सांगितलं होतं, तिचं पोट याच ज्ञानावर भरत होतं.

शेपटीचा पंख सावकाश उजवीकडं वळला आणि तिथंच थांबला, जणू ती आता काय करते याची वाट बघत.

तिनं तो पंख बोटांनी धरला आणि मधे ढकलला. आतून दाब आला. जोर नव्हता त्यात, चिकाटी होती. तीही ढकलत राहिली. "आमचं हाय हे," ती दात आवळून म्हणाली. "माज्या बापानं बांधलंय. हात काढ." असं हवेशी भांडताना आपण कशा दिसत असू, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला. तशी ती जिंकली नाहीच. बॅटरीची वायर ओढली तेव्हा कुठं दाब गेला.

४

"पंचेचाळीस घालायचा?" अब्बांनी गुरुवारी जेवताना विचारलं.

अम्मीनं, म्हणजे करिमानं, ताटातून डोळे वर केले. "तुमाला दोघांनाबी कळत कसं न्हाय? इमान ठेवा माळ्यावर. जीव नकोसा झालाय माजा रविवार आला की."

"माळ्यावर ठेवून काय करू?" अब्बा म्हणाले. "त्याच्या शेजारी मीबी बसू का माळ्यावर?"

अम्मीनं त्यांच्या ताटाकडं बघितलं. तिला त्यांचा हात दिसत होता. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा ताटात सांडत होता.

"अब्बा," साजिया म्हणाली, "तुमीच म्हणता, चिमटा ज्याच्याकडं हवा त्याची. पण तो नियम माणसांनी माणसांसाठी केलेला हाय. जो समोर येत न्हाय, नाव सांगत न्हाय, त्याला कसला नियम?"

अब्बांनी ताटात सांडलेला घास पुन्हा उचलला. मग म्हणाले, "सतरा गेला, बत्तीस गेला. पळून पळून जायचं कुठं? नंबर तीनच हायत. पंचेचाळीस घाल, आन् ह्यानंतर मी नंबर बदलणार न्हाय. त्याला काय करायचं ते करू दे, मला काय करायचं ते मी करणार."

तो क्रिस्टल तिनं शनिवारी बसवला. पंचेचाळीसचा चिमटा मात्र फळीवर ठेवलाच नाही. रविवारी सकाळी घरातच तिनं तो अब्बांच्या सदऱ्याच्या खिशाला लावला, वरून दोऱ्यानं चार टाके घातले. अब्बांनी मान खाली घालून ते बघितलं आणि हसले. "लग्नात फूल लावत्यात तसं लावलंस की गं."

५

डाळजला त्या दिवशी वारा नव्हता. विमान उडवायला याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. चिमटा अब्बांच्या खिशाला होता. साजियानं तो तीनदा बघितला. मग आधी ट्रान्समीटर लावला आणि नंतर विमान. पंख हलले नाहीत. अब्बांनी ट्रान्समीटरवरची काडी उजवीकडं केली, पंख उजवीकडं. डावीकडं, डावीकडं. पाण्यातली ती मोकळी जागा मोकळीच होती, पण ती तिथं नसल्यासारखी साजिया वागत होती.

"आज हवा आपली," अब्बा म्हणाले.

गोकुळनं काठीनं पंखा फिरवला, इंजिन पेटलं, इंधनातल्या एरंडेलाच्या धुराचा वास आला. अब्बा उभे राहिले, ट्रान्समीटर पोटाशी, दोन अंगठे दोन काड्यांवर. अंगठे थरथरत होते. विमान गाळावरून उड्या मारत धावलं, डावीकडं झुकलं, आणि मग ते उचललं. थेट, स्वच्छ.

"व्वा!" गोकुळ ओरडला. "चाचा, जिकलं!"

विमान शंभर फुटांवर सरळ झालं आणि वळलं. वळण इतकं गोलाई धरून होतं की साजियाचे डोळे भरून आले. असं वळण तिला कधी जमलं नव्हतं. ती लहान असताना अब्बा असंच वळवायचे. विमान पाण्यावरून गेलं, परत आलं, एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. गोळी लागू पडली, तिला वाटलं. दोन वर्षांत एखादा दिवस असा येतोच. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी चांगले दिवस येतील.

तिनं अब्बांच्या हातांकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते हात थांबले होते. अंगठे इतके निवांत, की मेणाचे वाटावेत.

अब्बा मात्र विमानाकडं बघत नव्हते. ते आपल्या हातांकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"साजे," ते हळू म्हणाले, "हे मी न्हाय करत."

"काय अब्बा?"

"अंगठे. मी हलवत न्हाय. हलत्यात."

पाण्यावरचे फ्लेमिंगो आवाज न करता एकदम उठले. सगळं पाणी रिकामं झालं. गोकुळच्या गळ्यातली दुर्बीण साजियानं ओढूनच घेतली, गोकुळची मान वाकली तरी तिला भान नव्हतं.

त्या गोल जागेत कुणीतरी उभं होतं. घोट्याएवढ्या पाण्यात. दोन्ही कोपरं अंगाशी, हात पोटापुढं, अंगठे हलत होते. डावा गुडघा जरा वाकवून, उजव्या पायावर भार टाकून. उभं राहायची ती ढब साजियाला जन्मापासून माहीत होती. दुकानाच्या काउंटरमागं, ईदच्या नमाजानंतर पटांगणात, याच मैदानात, हात थरथरायला लागायच्या आधी. छातीवरच्या खिशाला लाकडाचं काहीतरी लावलेलं होतं. एक नाही, दोन. तिनं दुर्बीण आणखी वर नेली. विमान उडवणारा माणूस वर बघतो, विमानावरची नजर कधी काढत नाही. हा वर बघत नव्हता. तोंड तिच्या दिशेनं होतं, पण बघत होता तो अब्बांच्या हातांकडं. चेहरा तिला दिसला का, हे साजिया पुढं कुणाला सांगणार नव्हती, अम्मीलाही नाही. तिनं दुर्बीण खाली केली एवढं खरं.

"बंद करा!" ती ओरडली. ट्रान्समीटरच्या बटणावर तिनं हात टाकला. "अब्बा, सोडा, बंद करते मी!"

"हात लावू नको!" इतक्या जोरानं अब्बा तिच्यावर गेल्या दहा वर्षांत ओरडले नव्हते. "बंद केलंस की त्याचं झालं."

"पडू दे विमान!"

"इमानाचं न्हाय म्हणत मी."

त्यांनी अंगठे काड्यांवरून उचलले. उचलायला किती जोर लागला ते मानेच्या शिरांवरून दिसलं. वर विमान तसंच फिरत राहिलं, सुबक, गोल, कुणाचाही हात नसताना. अब्बांनी मान वर करून ते बघितलं. क्षणभर, आणि हे साजिया कधीच विसरली नाही, त्यांच्या तोंडावर हाव दिसली. किती सुंदर उडत होतं ते. हात तसेच ठेवले असते तर पुढच्या उन्हाळ्यातही उडलं असतं, त्याच्या पुढच्याही. सदऱ्याची बटणं लागली असती, घास तोंडापर्यंत गेला असता.

मग ते थुंकले.

"असला हात मला नको," ते पाण्याकडं बघून म्हणाले, शेजारच्याला सांगावं तसं. "थरथरू दे न्हायतर झडून जाऊ दे. माजा त्यो माजा."

आणि त्यांनी काड्या घट्ट धरल्या, अंगठ्यांनी नाही, चारी बोटांनी, भांडं घासताना धरावं तसं. खांद्यापासून दोन्ही हात थडथडायला लागले. वर विमानाला झटका बसला. डावा पंख खाली गेला, वर आला, नाक आपटल्यासारखं खाली झालं. ती गोलाई मोडली. विमान आता दारू प्यायल्यासारखं चाललं होतं आणि साजियाला कळत होतं, हे अब्बांचं. ही थरथर त्यांची. मधेच ते पुन्हा सुबक व्हायचं, एक-दोन क्षण, आणि अब्बा शिवी देऊन काडी हिसडायचे की पुन्हा वेडंवाकडं.

"सोड!" अब्बा ओरडत होते. "सोड की रं माजे हात! सोड!"

साजिया त्यांच्या पाठीशी गेली आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. हातांना तिनं हात लावला नाही. पाण्याकडं बघितलं नाही. "उतरवा अब्बा," ती त्यांच्या कानाशी म्हणत राहिली, "उतरवा तुमी, तुमाला येतंय, उतरवा."

विमान मैदानाच्या टोकाला आलं, तिरकं, खूप वेगात. एका चाकावर आपटलं, उडालं, दुसऱ्यांदा आपटलं. उजवा पंख मुळातून तुटून लांब फेकला गेला. धड गाळात घसरत आलं आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबलं. इंजिन बंद पडलं.

मग अब्बा गुडघ्यांवर बसले, धापा टाकत. त्यांचे हात इतके हलत होते की ट्रान्समीटर गाळात पडला.

"उतरवलं का न्हाय?" त्यांनी विचारलं.

गोकुळनं तुटलेल्या पंखाकडं बघितलं. "पाडलं, चाचा."

"पाडलं तर पाडलं," अब्बा म्हणाले, आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माज्या हातानं पाडलं."

साजियानं तेव्हा पाण्याकडं बघितलं. पक्षी परत उतरत होते. ती गोल जागाही भरत चालली होती, कडेकडेनं, एकेक पाय टाकत.

६

विमान पुन्हा बांधलं गेलं नाही. डाळजलाही कुणी गेलं नाही. अब्बा दुपारभर दुकानामागच्या खोलीत बसायचे. चारच्या चहाला अम्मी त्यांना कपबशी द्यायची, आणि कप बशीवर खडखडायचा. तो आवाज दुकानापर्यंत यायचा. एरवी कुणाला त्यानं वाईट वाटलं असतं. साजिया तो ऐकत ऐकत मोबाइल डाखायची, आणि आवाज येतोय तोवर तिचा हात चांगला चालायचा.

एप्रिलातल्या एका बुधवारी खडखड थांबली.

ती काउंटरवरून उडी मारूनच आत गेली. अब्बा खुर्चीवर बसले होते. उजव्या हातात बशी, बशीत कप, कपात काठोकाठ चहा. चहावर लाट नव्हती. साय हलत नव्हती. हात खुर्चीच्या दांडीवर नाही, मधेच हवेत धरलेला, आणि दगडासारखा स्थिर.

अब्बांनी तिच्याकडं बघितलं. ते घाबरले होते, अगदी उघड घाबरले होते, आणि तिला वाटलं, संपलं.

मग त्यांनी डाव्या हाताची मूठ आवळली आणि उजव्या मनगटावर हाणली. एकदा. पुन्हा एकदा. "हल," ते म्हणाले. "हल म्हणतो ना. फुकटचा निवांतपणा नको मला. हल!"

तिसऱ्या फटक्याला बशी कलंडली. बोटं थरथरली, मग मनगट, मग पार कोपरापर्यंत हात नाचायला लागला, कप खडखडला, आणि गरम चहा त्यांच्या लेंग्यावर, खुर्चीवर, फरशीवर सांडायला लागला. अम्मी फडकं घेऊन धावत आली. साजियानं तिला दारातच अडवलं.

"थांब अम्मी," ती म्हणाली. "सांडू दे. सगळा सांडू दे."